गाव न सोडता डॉक्टरेट

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्व भागात, ॲपलॅचियन डोंगररांगांमध्ये लेस्ली नावाची काउंटी आहे. १९२५ मध्ये तिथे मोटार जाईल असे रस्ते जवळपास नव्हते. ओढ्यांच्या पात्रांतून आणि घळींमधून वाट काढायची ती पायी, नाहीतर घोड्यावरून. बाळंतपणं घरीच होत आणि शेजारपाजारच्या अनुभवी बायका ती पार पाडत. त्या वर्षी मेरी ब्रेकिनरिज नावाच्या नर्सने तिथे आरोग्यसेवेचं काम उभं केलं. पुढे ते ‘फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस’ या नावाने प्रसिद्ध झालं. ब्रेकिनरिजबाईंनी स्वतःची दोन्ही मुलं लहानपणीच गमावली होती. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी फ्रान्समध्ये मदतकार्य केलं होतं आणि मिडवाइफचं शिक्षण इंग्लंडमध्ये जाऊन घेतलं होतं. त्यांच्या नर्स खोगिराला औषधांच्या पिशव्या बांधून घरोघर जात. बाळंतपण करत, लसी टोचत, म्हाताऱ्यांच्या जखमाही बांधत. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने त्यांच्या पहिल्या हजार बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मातामृत्यूंचं प्रमाण देशाच्या सरासरीहून खूपच कमी निघालं.

त्यांच्या बऱ्याचशा नर्स-मिडवाइफ ब्रिटनमधून आलेल्या होत्या. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि त्यांतल्या अनेक जणी मायदेशी परतल्या. माणसंच उरली नाहीत म्हटल्यावर संस्थेने त्याच वर्षी स्वतःची शाळा काढली. १९७० मध्ये या शाळेने ‘फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर’ घडवणारा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. देशातला तो पहिला मानला जातो. १९८९ मध्ये तिने आणखी एक पाऊल टाकलं. विद्यार्थिनीला डोंगरात बोलावून वर्ष-दोन वर्षं ठेवून घेण्याऐवजी ती जिथे राहते तिथेच तिला शिकवायचं ठरवलं. वेब अजून सर्वसामान्यांच्या घरात पोचायचं होतं, त्या काळातली ही गोष्ट. आज ‘फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी’ या नावाने ही संस्था ऑनलाइन डॉक्टरेटही देते आणि तिचा कॅम्पस केंटकीतच व्हर्सेल्स या गावी आहे.

हा इतिहास आधी सांगण्याला कारण आहे. ऑनलाइन डॉक्टरेट म्हटलं की आपल्या मनात पहिली शंका सोपेपणाची येते: घरबसल्या मिळणारी पदवी, म्हणजे काहीतरी कमअस्सल असणार. शंका अगदीच निराधार नाही, तिच्याकडे पुढे येतोच. पण नर्सिंगमध्ये दूरशिक्षण ज्या गरजेतून आलं ती गरज फार खरी होती. दुर्गम भागातली नर्स पुढच्या शिक्षणासाठी शहरात गेली, की ती बहुधा तिथेच राहते. नवरा-मुलं तिथे रमतात, पगार बरा असतो, आणि ज्या गावासाठी ती शिकायला गेली ते गाव पुन्हा रिकामं होतं. गावाला नर्स हवी असेल तर तिला गावातून उठवू नका, हा त्यामागचा विचार आहे. मला तो शंभर टक्के पटतो. प्रश्न एवढाच, की पेशंटला हात लावून शिकायची विद्या दुरून कशी शिकवायची? ऑनलाइन डॉक्टरेटचं सगळं बरंवाईट या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

आधी नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे कोण, ते पाहू. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातल्या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. कोलोरॅडोच्या ग्रामीण भागात लहान मुलांना तपासायला डॉक्टर मिळत नव्हते. तिथे नर्स जात होतीच. तिला तपासणी, निदान आणि साध्या आजारांवरचे उपचार नीट शिकवले तर ती हे काम करू शकेल, असं दोघांचं म्हणणं होतं. विरोध डॉक्टरांकडून झाला आणि नर्सिंगच्या प्राध्यापकांकडूनही झाला. डॉक्टरांना अधिकाराची काळजी होती, तर नर्सिंगवाल्यांना वाटे की आपली विद्या सोडून ही मंडळी डॉक्टरकीच्या मागे लागली आहेत. त्याच वर्षी मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजनांचा कायदा झाला आणि पुढे दवाखान्यांकडे येणारा ओघ वाढला. फोर्डबाईंना भरपूर आयुष्य लाभलं. २०२५ च्या जानेवारीत वयाच्या १०४ व्या वर्षी त्या गेल्या, तोवर देशात लाखो नर्स प्रॅक्टिशनर झाल्या होत्या.

त्यांतला सर्वांत मोठा गट फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरांचा, म्हणजे एफएनपींचा आहे. २००८ मध्ये तिथल्या नर्सिंग संघटनांनी आणि परवाना मंडळांनी मिळून प्रगत नर्सिंगची एक चौकट ठरवली. त्या चौकटीत एफएनपीच्या वाट्याला तान्ह्या बाळापासून ऐंशी-नव्वदीच्या आजोबांपर्यंत सगळं कुटुंब येतं. ती पेशंट तपासते, रक्त-लघवीच्या तपासण्या आणि एक्स-रे करायला सांगते, निदान करते, औषधं लिहून देते, मधुमेह-रक्तदाबाच्या पेशंटना वर्षानुवर्षं सांभाळते. आपल्याकडे जुन्या काळी जे फॅमिली डॉक्टर करत, त्यातलं बरंचसं काम तिच्याकडे असतं. निम्म्याहून अधिक राज्यांत ती हे डॉक्टरच्या देखरेखीशिवाय करू शकते. बाकीच्या राज्यांत, उदाहरणार्थ टेक्सासमध्ये, औषधं लिहायची तर तिला डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो.

ती हे काम चांगलं करते का, याचा कस न्यूयॉर्कमध्ये लागला. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९५ ते १९९७ या काळात नेहमीचा डॉक्टर नसलेल्या १,३१६ पेशंटची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्या तशी केली. काहींना डॉक्टरांकडे पाठवलं, काहींना नर्स प्रॅक्टिशनरांकडे. दोघांनाही अधिकार सारखेच दिले होते. सहा महिन्यांनी पाहिलं तर मधुमेह, दमा, रक्तदाब या आजारांत दोन्ही गटांच्या प्रकृतीत म्हणावा असा फरक नव्हता. हा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही त्याचा दाखला दिला जातो. सहा महिने हा काळ लहान आहे, हा आक्षेपही तेव्हापासूनच आहे. पण नंतर वेगवेगळ्या देशांत झालेल्या अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये घेतला गेला, तेव्हाही प्राथमिक उपचारांपुरतं चित्र असंच दिसलं.

एवढं सगळं काम जर मास्टर्स पदवीवर होत होतं, तर डॉक्टरेट कशाला?

‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’, म्हणजे डीएनपी, ही पदवी तशी नवी आहे. केंटकी विद्यापीठाने २००१ मध्ये तिचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. २००४ मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने ठराव केला, की २०१५ पर्यंत प्रगत नर्सिंगमध्ये येणाऱ्या प्रत्येकीने डीएनपी करावं. २०१५ आलं आणि गेलं, तसं काही झालं नाही. २०१८ मध्ये नर्स प्रॅक्टिशनर घडवणाऱ्या प्राध्यापकांच्या संघटनेने नवी मुदत दिली, २०२५. तीही उलटली. भूल देणाऱ्या नर्सच्या बाबतीत मात्र नियम खरोखर बदलला आणि तिथे आता डॉक्टरेटशिवाय नव्याने प्रवेश नाही. एफएनपीला आजही मास्टर्सवर परीक्षा देता येते, परवाना मिळतो, आणि तोही डीएनपीवालीला मिळतो तोच. पेशंटपुढे बसल्यावर दोघींच्या अधिकारात काडीचाही फरक नसतो. पगारातही डॉक्टरेटमुळे फार मोठी उडी पडते असं नाही. खरी उडी त्याआधीची आहे. अमेरिकी कामगार खात्याच्या २०२३ च्या आकड्यांप्रमाणे साध्या नोंदणीकृत नर्सचा, म्हणजे आरएनचा, मधला पगार वर्षाला ८६,०७० डॉलर होता, तर नर्स प्रॅक्टिशनरचा १,२६,२६० डॉलर. ही झेप मास्टर्सनेही घेता येते.

मग ही पदवी देते काय? पीएचडी नवं ज्ञान शोधायला शिकवते. असलेलं ज्ञान दवाखान्यात रुजवायचं कसं, हा डीएनपीचा विषय आहे. आकडेवारी वाचणं, एखादा शोधनिबंध विश्वासार्ह आहे का ते पारखणं, दवाखान्याचा जमाखर्च, आरोग्यधोरण, नेतृत्व हे विषय मास्टर्सच्या वर चढतात. ज्या बाईला उद्या ग्रामीण दवाखाना चालवायचा आहे, कॉलेजात शिकवायचं आहे किंवा जिल्ह्याच्या आरोग्ययोजनेत बोलायचं आहे, तिला हे उपयोगी पडतं. जिला फक्त पेशंट तपासायचे आहेत, तिने मास्टर्स करून कामाला लागावं आणि डॉक्टरेटचा विचार पाच-सात वर्षांनी करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. वाटा दोन्ही आहेत. बी.एस्सी.नंतर थेट डॉक्टरेट केली तर पूर्णवेळ तीन ते चार वर्षं जातात. आधी मास्टर्स केलेलं असेल तर एक-दोन वर्षांत उरलेलं पूर्ण होतं. नोकरी सांभाळून करणाऱ्यांना याहून जास्त वेळ लागतो, आणि बहुतेक जणी नोकरी सांभाळूनच करतात.

आता प्रत्यक्ष शिकणं. डोळ्यांसमोर एक नर्स आणा: पश्चिम टेक्सासमधल्या छोट्या गावात राहणारी, आठवड्यातून तीन दिवस बारा-बारा तासांची ड्यूटी करणारी, दोन मुलांची आई. तिचे तास बहुतेक ध्वनिमुद्रित असतात, म्हणजे मुलं झोपल्यावर ऐकता येतात. आठवड्यातून एखादा वर्ग थेट भरतो, त्याला ठरल्या वेळी हजर राहावं लागतं. परीक्षेच्या वेळी कॅमेरा सुरू ठेवायचा, टेबल रिकामं दाखवायचं, आणि पलीकडून कुणीतरी नजर ठेवतं. पहिल्या वर्षात तीन विषयांचा डोंगर असतो: शरीरात आजार कसा घडतो ते सांगणारं विकृतिशास्त्र, औषधशास्त्र आणि नखशिखांत तपासणी. पहिले दोन पडद्यावर उत्तम शिकता येतात. मूत्रपिंड निकामी होत असताना कुठलं औषध किती कमी करायचं, हे वर्गात बसून ऐकलं काय आणि घरी चार वेळा मागे नेऊन ऐकलं काय, घरी ऐकणारीच कदाचित जास्त शिकेल.

तपासणीच्या विषयात अडचण सुरू होते. ती सोडवायला संगणकावरचे पेशंट आले आहेत. ‘शॅडो हेल्थ’ या प्रणालीतली टीना जोन्स नावाची काल्पनिक पेशंट अमेरिकेतल्या हजारो नर्सिंग विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहे. तिला दमा आहे, मधुमेह आहे, आणि विद्यार्थिनीने नेमका प्रश्न विचारला तरच ती नेमकी माहिती देते. प्रश्न कसे विचारावेत याची ही चांगली तालीम आहे. पण पोटावर हात ठेवल्यावर यकृताची कड बोटांना लागणं, तापलेल्या मुलाच्या कानात डोकावताना त्याला आईच्या मांडीवर धरून ठेवणं, हे टीना जोन्स शिकवत नाही. म्हणून चांगल्या संस्था विद्यार्थिनीला काही दिवसांसाठी कॅम्पसवर बोलावतातच. फ्रंटियरमध्ये सुरुवातीला एकदा आणि प्रत्यक्ष पेशंट तपासायला जाण्याआधी एकदा केंटकीला जावं लागतं. तिथे पेशंटची भूमिका करणारी प्रशिक्षित माणसं असतात, शिक्षक शेजारी उभे राहून पाहतात, आणि जिचा हात बसलेला नाही तिला पुढे सोडत नाहीत. जी संस्था एकदाही बोलावत नाही, तिच्याबद्दल मी सावध राहीन.

यापुढचा टप्पा सगळ्यांत अवघड आहे आणि जाहिरातींत त्याचा उल्लेख सगळ्यांत बारीक अक्षरांत असतो.

नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमांसाठी २०२२ मध्ये जी राष्ट्रीय मानकं आली, त्यांनी प्रत्यक्ष पेशंट तपासण्याचे किमान तास ५०० वरून ७५० केले. डीएनपीसाठी बी.एस्सी.नंतरचे एकूण १,००० तास हा बऱ्याच विद्यापीठांचा दंडक आहे. त्यातले काही प्रकल्पाच्या कामाचे असतात. हे तास आपल्या नेहमीच्या ड्यूटीत धरता येत नाहीत. नर्स म्हणून वीस वर्षं वॉर्डात काढली असली तरी हे तास शून्यापासूनच मोजले जातात, कारण इथे ती निर्णय घ्यायला शिकत असते. त्यासाठी एखाद्या अनुभवी नर्स प्रॅक्टिशनरने किंवा डॉक्टरने तिला आपल्या दवाखान्यात घ्यावं लागतं. पेशंट आधी विद्यार्थिनीने तपासायचा, बाहेर येऊन काय वाटलं ते सांगायचं, मग दोघींनी मिळून आत जायचं. या शिकवणाऱ्या व्यक्तीला तिकडे प्रिसेप्टर म्हणतात. एफएनपीला सगळ्या वयांचे पेशंट सांभाळायचे असल्यामुळे एक प्रिसेप्टर पुरत नाही. मुलांसाठी वेगळा दवाखाना, स्त्रीआरोग्यासाठी वेगळा, मोठ्यांसाठी आणि वृद्धांसाठी आणखी वेगळा.

पश्चिम टेक्सासमधल्या आपल्या नर्सचा विचार करा. गावात एकच दवाखाना आहे आणि तिथला डॉक्टर म्हणतो, मला आधीच वेळ पुरत नाही. जवळचा बालरोगतज्ज्ञ दोन तासांच्या अंतरावर. मोठ्या रुग्णालयांनी स्थानिक विद्यापीठांशी करार केलेले, त्यांचे विद्यार्थी आधी. काही संस्था प्रिसेप्टर शोधून देण्याची जबाबदारी स्वतः घेतात. अनेक संस्था ती विद्यार्थिनीवर टाकतात आणि हातात एक फॉर्म देतात. मग ती रात्रीच्या ड्यूटीवरून आल्यावर अनोळखी दवाखान्यांना फोन लावत बसते. जागा मिळाली नाही तर सत्र लांबतं. काही जणी दलालीचा धंदा करणाऱ्या कंपन्यांना पैसे देऊन प्रिसेप्टर मिळवतात. ज्या विद्येसाठी भरमसाट फी भरली, तिच्या गाभ्याची सोय विद्यार्थिनीने स्वतःच्या खर्चाने करायची, हे मला अन्यायाचं वाटतं. दुसऱ्या बाजूने, प्रिसेप्टर बहुधा फुकट शिकवतात. विद्यार्थिनी सोबत असली की प्रत्येक पेशंटला जास्त वेळ लागतो, दिवसाचे पेशंट कमी होतात आणि तितकं उत्पन्नही घटतं. जॉर्जिया, मेरीलँड अशा काही राज्यांनी प्रिसेप्टरना करात सवलत देऊन यावर थोडा इलाज केला आहे.

म्हणून प्रवेश घेण्याआधी संस्थेला विचारायचा पहिला प्रश्न फीचा नाही. प्रिसेप्टर कोण शोधणार? संस्थेला सापडला नाही तर काय? माझ्या राज्यातल्या किती विद्यार्थिनींना गेल्या वर्षी वेळेत जागा मिळाली? शिक्षक दवाखान्यात येऊन माझं काम बघणार, की फक्त फोनवर विचारणार? या प्रश्नांची सरळ उत्तरं न देणारी संस्था कितीही मोठ्या नावाची असो, तिथून परत फिरावं. दुसरा प्रश्न राज्याचा. ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्थेला विद्यार्थिनी राहते त्या राज्यात शिकवण्याची परवानगी लागते, आणि तिथलं नर्सिंग बोर्ड ती पदवी ग्राह्य धरतं का ते त्या बोर्डालाच विचारून घ्यावं लागतं. तिसरा मान्यतेचा. नर्सिंगचे अभ्यासक्रम तपासून मान्यता देणाऱ्या सीसीएनई आणि एसीईएन या संस्था आहेत. अशी मान्यता नसेल तर पुढे प्रमाणपत्राची परीक्षाच देता येत नाही. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकी केंद्रीय तपास यंत्रणांनी दक्षिण फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांनी ७,६०० हून अधिक बोगस प्रमाणपत्रं विकल्याचं उघड केलं. ती आरएन आणि त्याखालच्या पातळीवरची होती, डॉक्टरेटची नव्हती. तरी कागद किती सहज विकला जातो, हे त्यातून कळलं.

तासांबरोबरच प्रकल्प चालतो. डीएनपीत प्रबंध नसतो, दवाखान्यातली एखादी उणीव शोधून ती दूर करून दाखवायची असते. विद्यार्थिनी ज्या भागात राहते तिथलाच दवाखाना ती निवडते, आणि गावात राहून शिकण्याचा सर्वांत मोठा फायदा मला इथे दिसतो. समजा, तिच्या लक्षात आलं की मधुमेहाच्या पेशंटचे पाय तपासलेच जात नाहीत. पेशंट बूट-मोजे काढत नाही, डॉक्टरला वेळ नसतो, आणि जखम चिघळल्यावर सगळे जागे होतात. ती आधी जुन्या नोंदी काढून किती जणांचे पाय वर्षभरात तपासले गेले ते मोजते. मग नियम करते, की वजन घेणाऱ्या मदतनिसानेच पेशंटला बूट काढून बसवायचं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजते. आकडा वाढला नाही तर का वाढला नाही ते शोधते, मदतनिसांशी बोलते, पद्धत बदलते. नवा शोध यात काही नाही. पाय तपासावेत हे पाठ्यपुस्तकात आहेच. पण पुस्तकातलं वाक्य आणि गावातला पेशंट यांच्यामधलं अंतर तिने कमी केलेलं असतं, आणि पदवी मिळाल्यावरही ती त्याच गावात असल्यामुळे ते काम बंद पडत नाही.

शेवटी प्रमाणपत्राची परीक्षा. ती घेणाऱ्या दोन संस्था आहेत, एएनसीसी आणि एएएनपीसीबी, आणि त्यांतली कुठलीही एक पास व्हावी लागते. त्यानंतर राज्याचा परवाना, आणि नियंत्रित औषधं लिहायची तर केंद्रीय नोंदणी वेगळी. प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं.

टीकाकारांचं म्हणणं इथे ऐकलंच पाहिजे. फॅमिली डॉक्टर चार वर्षं मेडिकल कॉलेजात आणि वर तीन वर्षं रेसिडेन्सीत घालवतो, त्याने हजारो तास पेशंट पाहिलेले असतात. त्यापुढे ७५० तास फार थोडे आहेत. यावर नर्सिंगवाले म्हणतात, की आमच्या विद्यार्थिनीकडे आधीची नर्स म्हणून वर्षं असतात. पण ते आता सगळीकडे खरं राहिलेलं नाही, बी.एस्सी. झाल्या झाल्या फारसा अनुभव न घेता थेट पुढे जाणाऱ्या मुलीही आहेत. मला या वादात डॉक्टरांचा मुद्दा वजनदार वाटतो, आणि त्यावरचं सर्वांत प्रामाणिक उत्तर नर्सनीच शोधलं आहे. कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनच्या ‘कम्युनिटी हेल्थ सेंटर’ने २००७ मध्ये नव्या नर्स प्रॅक्टिशनरांसाठी एक वर्षाची रेसिडेन्सी सुरू केली. पदवी आणि परवाना हातात असताना, पगार घेत, वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली पेशंट पाहायचे. अशा रेसिडेन्सी आता इतरत्रही आहेत, पण त्या सक्तीच्या नाहीत. ऑनलाइन शिकलेल्या प्रत्येकीने असं एक वर्ष मिळवण्यासाठी जिवाचं रान करावं असं मला वाटतं.

पैशांचं गणित अलीकडे बिघडलं आहे. आजवर बऱ्याच जणी सरकारी कर्जावर शिकत. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने पदव्युत्तर शिक्षणासाठीची ‘ग्रॅड प्लस’ कर्जं नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून बंद केली आणि उरलेल्या कर्जांवर मर्यादा घातली: साधारण पदव्युत्तर पदव्यांना वर्षाला २०,५०० डॉलर, ‘व्यावसायिक’ पदव्यांना ५०,०००. शिक्षण खात्याने २०२५ च्या अखेरीस व्यावसायिक पदव्यांची जी व्याख्या मांडली, तिच्यात वैद्यक, दंतवैद्यक आणि कायदा होता, नर्सिंग नव्हतं. नर्सिंग संघटना त्यावर तुटून पडल्या, ते योग्यच होतं. दिलासा देणारी एक जुनी योजना आहे ती ‘नर्स कोअर’. डॉक्टर-नर्सचा तुटवडा असलेल्या ठिकाणी दोन वर्षं काम केलं तर शिक्षणकर्जाचा ६० टक्के भाग सरकार फेडतं, तिसऱ्या वर्षी आणखी २५ टक्के. पण अर्ज केलेल्या सगळ्यांना ती मिळत नाही.

पदवी मिळाली की नावामागे ‘डॉक्टर’ लावायचं का, यावर तिथे कायदेशीर झगडे चालू आहेत. पदवी डॉक्टरेटची आहे, तेव्हा विद्यापीठात लावायला कुणाची हरकत नाही. दवाखान्यात पेशंटचा गैरसमज होईल म्हणून काही राज्यांनी बंधनं घातली आहेत. कॅलिफोर्नियात तीन नर्सनी २०२३ मध्ये याविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दावा लावला. मला यात पेशंटचा हक्क मोठा वाटतो. आपल्याला तपासणारी व्यक्ती कोण आहे, हे त्याला पहिल्या वाक्यात कळलं पाहिजे.

महाराष्ट्रातून, गोव्यातून अमेरिकेत गेलेल्या नर्सना हा सगळा विषय जवळचा आहे. आरएनसाठीची एनक्लेक्स परीक्षा मुंबईतही देता येते आणि ती देऊन तिकडे गेलेल्या अनेक जणी काही वर्षांनी एफएनपीचा विचार करतात. जीएनएम डिप्लोमावर गेलेलीला आधी पदवी पूर्ण करावी लागते. त्यासाठीही ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. भारतात बसून ही डॉक्टरेट करता येईल का, असं मात्र बऱ्याच जणी विचारतात. त्याचं उत्तर नाही असंच आहे. प्रवेशालाच अमेरिकेतल्या राज्याचा आरएन परवाना लागतो आणि पेशंट तपासण्याचे तास तिथेच भरावे लागतात. विद्यार्थी व्हिसावर जाऊन ऑनलाइन शिकू म्हटलं तर तेही जमत नाही. त्या व्हिसाच्या नियमांनुसार पूर्णवेळ अभ्यासात एका सत्राला ऑनलाइन विषय एकच धरला जातो. नागपुरात किंवा साताऱ्यात बसून अमेरिकी नर्सिंग डॉक्टरेट मिळवा असं कुणी सांगत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नये.

भारतात नर्स प्रॅक्टिशनर ही कल्पना आली आहे, पण अर्धवट. इंडियन नर्सिंग कौन्सिलने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला, आणि २०१८ मध्ये केंद्राने मिडवाइफरीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कुटुंबाला सांभाळणारी, एफएनपीसारखी नर्स अजून रुजलेली नाही. तिच्या सर्वांत जवळचं पद आरोग्य उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं. महाराष्ट्रात या पदांवर आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आले, पण नर्सनाही ती खुली आहेत. त्यासाठी इग्नूने नर्सना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम दिला आणि त्याचं प्रात्यक्षिक जिल्हा रुग्णालयांसारख्या ठिकाणी ठेवलं. दूरशिक्षण आणि हाताने शिकणं यांची सांगड घालण्याचा हा आपला प्रयत्न, आणि त्याची दिशा मला बरोबर वाटते. पण शिडीची पायरी तिथेच संपते. एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं पूर्णवेळ आहे, अतिदक्षतेचा अभ्यासक्रम मोठ्या रुग्णालयात राहूनच करायचा आहे. उपकेंद्रावर काम करणाऱ्या सिस्टरला आजही पुढे शिकायचं असेल, तर आधी उपकेंद्र सोडावं लागतं.